सुभेदार कोणाकडे पाहतो

९ नोव्हेंबर २००८, पेडणे

या रोजनिशीत मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. ती आरंभीच स्वच्छ मांडतो, म्हणजे पुढे सोयीप्रमाणे बदलता येणार नाही: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला बाहेरचे जग रोज थोडे थोडे घरात आणून दिले, तर तो रुग्ण बरा होतो. ही प्रतिज्ञा. कारणे, उदाहरणे आणि निष्कर्ष यथाक्रम येतील. सारी हयात तर्कशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे डॉक्टरांचे 'बघू या' हे दोन शब्द मला पुरावा म्हणून मान्य होत नाहीत.

आज आम्ही या घरात आलो. कोल्हापूर सोडताना वत्सला गाडीत आडवी होती. पत्रादेवीची चौकी ओलांडल्यावर मात्र तिने पाठीशी उशी लावून घेतली आणि डिचोलीत बालपण गेलेल्या बाईला शोभेल अशा अधिकाराने ड्रायव्हरला झाडांची नावे सांगू लागली. अर्धांगाच्या झटक्यापासून तिचा डावा हात आणि डावा पाय तिचे ऐकत नाहीत. तिची जीभ कोणाचेच ऐकत नाही, पण ते दुखणे जुने आहे.

घर चिऱ्यांचे, बसके, हवेशीर. पुढे सोपा आणि तुळस, मागे काजूची बाग. मालक मुंबईत असतात. किल्ली त्यांच्या वहिनीने, शेजारच्या देवकीबायने दिली. तिने पाणी भरून ठेवले होते आणि येताच चहा व गरम उंडे, म्हणजे इथले गोल पाव, आणून पुढ्यात ठेवले. तिचा मुलगा सगुण मोटरसायकल पायलट आहे, म्हणजे म्हापशापर्यंत उतारू पाठीमागे बसवून नेतो. आमच्या बॅगा त्याने सीटवर बांधून आत आणल्या आणि त्यांना हेल्मेट लागत नाही म्हणून बरे, असे म्हणाला. वत्सला हसली. पुष्कळ दिवसांनी.

आमची मुलगी तारा म्हापशाला शाळेत शिकवते. दर रविवारी येईन म्हणाली. तिने मला एक लहान डिजिटल कॅमेरा दिला आहे. वत्सलाला जनावरांचा लळा. कोल्हापूरच्या फ्लॅटमध्ये सोसायटीने पोपटालाही मनाई केली होती. तेव्हा असे ठरले की रोज सकाळी मी फिरायला जावे, वाटेत भेटतील त्या पाळीव जनावरांचे फोटो काढावेत आणि परत येऊन तिला दाखवावेत. मी म्हणालो, तू बरी होईपर्यंत. ती म्हणाली, बरी झाले की मी स्वतः जाईन आणि तुम्ही घरी बसून फोटो पाहा.

१२ नोव्हेंबर

पहिला खरा फेरफटका. आमच्या वाड्याच्या (इथे वस्तीला वाडा म्हणतात) टोकाला व्हाळ, म्हणजे ओढा आहे आणि त्यावर मोरी, रस्त्याचा लहानसा पूल. मोरीच्या अलीकडे, खुरी झाडाच्या बुंध्याशी शेंदूर नसलेला एक काळा दगड. तो इथला राखणदार, वाड्याची वेस राखणारा देव, असे देवकीबाय म्हणाली. पलीकडे वायंगणाची भातशेते, पाच-सहा घरे, आणि पाव भाजणाऱ्या पोदेराची भट्टी.

आजच्या भेटी अशा. देवकीबायचा म्हातारा तपकिरी कुत्रा सुभेदार: उजवा कान मोडलेला, मिशा पांढऱ्या. तो अंगणापासूनच माझ्यासोबत निघाला. पोदेराच्या घरची मांजर, रंगाने हुबेहूब सिमेंट आणि म्हणून नावाने शिमीट. राणी नावाची शेळी, जी छत्रीचे टोक खाते. प्रत्येक ठिकाणी मालकाची परवानगी घेऊन आणि जनावराचे नाव विचारूनच मी फोटो काढला.

परतताना देवकीबाय कुंपणाशी उभी होती. कंबरेवर हात ठेवून तिने मला विचारले, "मास्तरांनू, आमचो सुभेदार पोस्टमनाक चावता आनी तुमका चाटता. पेन्शन तेच्या नावार केल्यात की काय?"

वत्सलाने फोटो बारकाईने पाहिले. तिच्या मते मी शेळीचाही पासपोर्टचा फोटो काढतो: मान सरळ, नजर समोर, पार्श्वभूमी रिकामी. उद्यापासून जनावराच्या उंचीवर बसून फोटो काढण्याचा हुकूम झाला आहे. आज तिने पोळी पूर्ण खाल्ली. पहिले उदाहरण नोंदवले.

१८ नोव्हेंबर

वत्सलाला एक युक्ती सुचली आणि ती युक्तिवाद म्हणून निर्दोष आहे. जनावरे माणसाला वासाने ओळखतात. ती बरी होऊन वाटेवर येईल तेव्हा त्यांना परकी वाटू नये. म्हणून अंगावर घेते ती निळी सुती शाल मी रोज खांद्यावर टाकून न्यावी. 'म्हणजे त्यांना माझा वास ओळखीचा राहील,' ती म्हणाली. येताना शालीला त्यांचा वास लागेल, तो तिला.

मोरीजवळ देवकीबायने मला अडवले. ती पाणी शेंदून येत होती. शाल कोणाची, असे विचारले, मी सांगितले. तिने घागर खाली ठेवली. या वाड्याची रीत अशी की अंथरुणावरच्या माणसाच्या अंगची वस्तू मोरीपलीकडे न्यायची असेल, मग ते परटाकडचे धुणे का असेना, तर नेणाऱ्याने दगडापुढे थांबून त्या माणसाचे नाव घ्यायचे आणि म्हणायचे: "वस्तू जाता, माणूस न्हय." एवढेच. सुपारी नको, नारळ नको.

मी तिला शांतपणे समजावले. वस्तू वेगळी आणि माणूस वेगळे हे कोणालाही दिसते. जे आधीच सिद्ध आहे ते पुन्हा सिद्ध करणे हा वादातला दोष आहे; माझ्या विद्यार्थ्यांचे मी त्यासाठी गुण कापत असे. तिने उत्तर दिले की माझे शास्त्र मी शाळेत ठेवावे, इथे तोंड उघडून सांगावे लागते. मी नमस्कार केला आणि न बोलता पुढे गेलो.

आज जनावरांनी मला अक्षरशः घेरले. शिमीट भिंतीवरून उतरून आली. राणी दावे ताणून उभी राहिली. आजवर माझ्याकडे ढुंकून न पाहणारी बदकेही रस्त्यावर आली. वत्सलाचा तर्क बरोबर होता, एवढाच याचा अर्थ.

२५ नोव्हेंबर

सगुण म्हणतो की त्याच्या मोटरसायकलवर बसणाऱ्यांपेक्षा माझ्या मागून चालणारे जास्त आहेत. मी परवाना काढावा.

एक निरीक्षण. गेल्या आठवड्यातले फोटो वत्सला पुन्हा पाहत होती. ती म्हणाली, अहो, यांतले एकही तुमच्याकडे पाहत नाही. मी तपासले. खरे आहे. प्रत्येक फोटोत जनावराची नजर कॅमेऱ्याच्या थोडी डावीकडे आणि वर लागलेली आहे. शाल माझ्या डाव्या खांद्यावर असते. जनावरे शालीकडे पाहतात. याहून सोपे स्पष्टीकरण उपलब्ध असताना दुसरे शोधणे गैर.

वत्सला म्हणाली, हो, तसेच असेल. मग बराच वेळ सुभेदाराच्या फोटोवर अंगठा फिरवत राहिली.

३ डिसेंबर

दोन गोष्टी नीट लिहायला हव्यात.

पहिली. काल रात्री जेवताना वत्सला म्हणाली की सुभेदाराच्या मोडक्या कानामागे बोराएवढी गाठ आहे, देवकीबायला सांगा. मी आज हात लावून पाहिला. गाठ आहे. कोणत्याही फोटोत ती दिसत नाही. तशी दिसण्याजोगी जागाच नाही. मी तिला विचारले की तुला कसे कळले. तिने स्वतःच्या उजव्या हाताची बोटे एकमेकांवर घासली आणि म्हणाली, लागली हाताला. नंतर म्हणाली, स्वप्नात असेल.

दुसरी. मी फिरायला गेलो की ती झोपते. देवकीबाय सोबतीला बसते, तिने सांगितले की ही झोप तिला आवडत नाही. हाक मारली तरी पापणी हलत नाही, श्वास तेवढा चालू. मी मोरी ओलांडून अलीकडे आलो की ती जागी होते. आज मी आलो तेव्हा ती डोळे उघडून छताकडे पाहत होती. म्हणाली, परत येताना फार जड होतं हो. आणि मग, लहान मुलीसारखे, उद्या थोडे लांब जाल का.

तिच्या गालांवर रंग आहे. गेल्या वर्षभरात मी तिला इतकी आनंदी पाहिलेली नाही. हे माझ्या प्रतिज्ञेला अनुकूल आहे. मी ते तसे नोंदवतो, आणि माझे हात गार आहेत हेही नोंदवतो.

१० डिसेंबर

शंका आली की परीक्षा घ्यावी. शंका मनात घेऊन बसू नये.

आधी शाल घरी ठेवून गेलो. एकही जनावर जवळ आले नाही. सुभेदार मोरीपर्यंत आला, माझ्या डावीकडे पाहिले आणि माघारी गेला. वत्सला त्या वेळी जागीच होती, देवकीबायशी गप्पा मारत होती.

मग शाल घेऊन पुन्हा गेलो. सगळी आली. आता प्रश्न उरला तो असा: ती शालीकडे पाहतात की शालीजवळच्या आणखी कशाकडे? म्हणून मोरीपलीकडच्या कठड्यावर मी शाल ठेवली आणि कॅमेरा घेऊन दूर पिंपळापर्यंत सरकलो. ऊन चांगले पडले होते. रस्त्यावर माणूस नव्हते.

जनावरे शालीपाशी गेली नाहीत. ती रस्त्याच्या मधोमध, मोकळ्या जागेभोवती जमली. सर्वांच्या माना एकाच उंचीकडे वळलेल्या. शिमीट पाठीची कमान करून कशाला तरी अंग घाशीत होती आणि कलंडत नव्हती. सुभेदार उताणा पडला. त्याच्या पोटावरचे केस दुभंगले: चार रेघा, गळ्यापासून खाली, सावकाश. पुन्हा गळ्यापासून. तो पाय झाडत होता, जसे खाजवल्यावर कुत्रे झाडते.

मी फोटो काढला. जमलेल्या माना ज्या उंचीकडे वळल्या होत्या, ती माझ्या खांद्याइतकी आहे. वत्सला माझ्या खांद्याइतकी आहे.

मी घाबरलो असे लिहिणार नाही. मी घाईने निघालो, शेताच्या कडेने, व्हाळात उतरून, आणि शाल कठड्यावर राहिली हे मला अंगणात आल्यावर आठवले.

वत्सला पलंगाच्या काठावर बसली होती. दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले. देवकीबाय भिंतीला पाठ लावून उभी होती. वत्सला म्हणाली, मला बरे वाटते आहे. आणि उठून उभी राहिली.

११ डिसेंबर

ती चालते. डावा हात वर जातो, मूठ वळते. तिने चहा केला. मी रडलो, हे लिहायला हरकत नाही.

शाल सकाळी कठड्यावर होती तशी आणली. वत्सलाच्या अंगावर घातली, तर तिने दोन बोटांनी ती उतरवली, धुवायला हवी म्हणाली आणि लगेच साबणाने धुतली. दुपारपर्यंत ती तारेवर वाळत होती. मी हुंगून पाहिली. साबणाचा वास.

१५ डिसेंबर

तिला सोप्यावर बसवून मी सुभेदाराला हाक मारली. या भेटीसाठी तर सगळा खटाटोप. तो फाटकापर्यंत आला. तिने हात पुढे केला. सुभेदार जमिनीला पोट लावून मागे सरकत गेला, कुंपणातून निघताना त्याने कान फाडून घेतला आणि दिवसभर तो देवकीबायच्या चुलीमागून निघाला नाही.

ती म्हणाली, कुत्रा घाबरट आहे.

मी म्हणालो, सुभेदार, तुझा सुभेदार. तिने होकार दिला. ती सगळ्यालाच होकार देते. चहा कडू झाला का, हो. उद्या पाऊस पडेल, हो. मी मुद्दाम म्हणालो की स्त्रियांना तर्क जमत नाही. या वाक्यावर वत्सला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षापासून माझ्याशी भांडत आली आहे. ती म्हणाली, हो.

२१ डिसेंबर

तारा आली. गेल्या रविवारी शाळेच्या कामामुळे तिला येता आले नव्हते. दारात आईला उभी पाहून तिने पिशवी तिथेच टाकली. दिवसभर दोघी हातात हात घालून घरभर फिरल्या. डॉक्टरांनाही बोलावले होते. त्यांनी तिच्याकडून पाय उचलून घेतले, हात दाबायला लावले आणि माझे अभिनंदन केले. असे क्वचित होते, म्हणाले. फोटोंची कल्पना उत्तम, इतर रुग्णांनाही सांगतो.

मी ताराला मागच्या बागेत नेले आणि पुरावे क्रमाने मांडले. तिने सगळे ऐकून घेतले. मग माझा हात हातात घेतला, मी ज्या स्वरात तिच्या आईशी आजारपणात बोलत असे त्या स्वरात मला म्हणाली की बाबा, तुम्ही फार दमलात, आता आई बरी आहे ना, तुम्ही झोपत जा. मी विचारले, ती तुझी थट्टा करते का? एकदा तरी केली का आज? तारा म्हणाली, आजारपणाने माणूस निवळते.

तिच्या जागी मी असतो तर मीही माझे म्हणणे फेटाळले असते. माझ्याकडे साक्षीदार आहेत ते एक कुत्रा, एक मांजर, एक शेळी.

२६ डिसेंबर

मोरीपलीकडे जनावरे अजून जमतात. मी अलीकडे उभा राहून पाहतो. सुभेदार इथून धावत जातो, पलीकडे शेपटी हलवतो, तासभराने परततो. शालीची आता गरज राहिलेली नाही.

मी हाक मारली. वत्सला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मग पुन्हा त्या जागेकडे, जणू तिने काय उत्तर दिले ते पाहायला. मला काही ऐकू आले नाही. त्यानंतर त्या माना हळूहळू माझ्या दिशेने सरकत आल्या, मोरीच्या मध्यापर्यंत. तिथे थांबल्या. तिथून पुढे नाही. शिमीट मध्यावर उभी राहून त्या रिकाम्या जागेकडे पाहत बारीक ओरडत राहिली.

ती येऊ पाहते आहे. तिला येता येत नाही.

संध्याकाळी घरातलीने कॅमेरा मागितला. सगळे फोटो सावकाश पाहिले. १० तारखेच्या फोटोवर थांबली. जनावरांच्या मधल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून तिने विचारले, ही कधी दमत नाही का?

२ जानेवारी

देवकीबायकडे गेलो. तिच्या ओट्यावर बसून मी प्रथमच विद्यार्थ्यासारखे विचारले. ती तांदूळ निवडत होती. माझ्याकडे न बघता सांगत गेली. शाल रोज गेली, रोज आली, माणूसही सोबत गेले नि आले. कोणी तोंडाने वेगळे केले नव्हते ना. त्या दिवशी मी एकटा परतलो. राखणदाराने पाहिले ते एवढेच की नेले ते पलीकडे सोडून आला. गेलेल्याला तो आत घेत नाही, ते त्याचे कामच आहे.

मग घरात आहे ते कोण, मी विचारले.

ती सुपातले खडे टिपत राहिली. शेवटी म्हणाली, "घर रिकामा रवना, मास्तरांनू. दार उघडा दिसला की कोणय बसता."

उपाय विचारला. आता दगडापुढे काय सांगू? तिने उलट मलाच विचारले की तुम्ही वाद शिकवता ना, मग सांगा, काय सांगाल? वस्तू आत आहे, माणूस बाहेर. आणि सुभेदाराच्या डोक्यावर हात ठेवून ती रडू लागली. म्हणाली, मास्तरीण माका रोज हसयताली.

मी दगडापुढे गेलो. उभा राहून मांडले. प्रतिज्ञा, कारण, दृष्टान्त. चूक माझी, शिक्षा तिला, हा न्याय कसा. बोललो नाही तो मी, तर अडवायचे ते मला. समोर प्रतिपक्ष असता तर मी जिंकलो असतो. समोर दगड होता. माझ्या बोलण्यात खंड पडला की व्हाळाचे पाणी ऐकू येई.

मग नुसते मागितले. तेही केले.

पलीकडे सुभेदार बसला होता. त्याचा मोडका कान कोणीतरी वर उचलून धरला होता, गाठ पाहावी तसा.

६ जानेवारी

एक विचार. हिला मोरीवर न्यावे. समोरासमोर आल्या तर कदाचित. तर्क नाही, नुसती आशा.

फिरायला चलतेस का, म्हणालो. हो, म्हणाली. वाड्यातून जाताना पुढच्या पुढच्या अंगणातली कुत्री आमच्या येण्याआधीच गप्प होत गेली. कोंबड्या डालग्याखाली. दगडापाशी ती थांबली. पलीकडे जनावरे होती. एका क्षणात पांगली, एकटा सुभेदार उरला, दात दाखवत, त्या जागेच्या पुढे आडवा उभा.

ही मोरीवर पाय ठेवीना. मी हात धरून ओढले. तिचा डावा हात. माझ्यापेक्षा किती तरी बळकट. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, तुम्ही दमला आहात. मी तिला एक पाऊलही हलवू शकलो नाही. तिने मला घरी आणले.

तेव्हापासून ताप आहे.

८ जानेवारी

उठवत नाही. ती उत्तम शुश्रूषा करते. पेज, कपाळावर ओली पट्टी. उशी नेमकी तिथे, जिथे मी वत्सलाची ठेवत असे.

देवकीबाय डिचोलीला, बहिणीकडे जत्रेला गेली. सगुण तिला सोडायला. शेजारचे घर बंद.

ताराला फोन लाव म्हटले — ही म्हणते फोन बिघडला आहे. सगळ्याला होकार देणारीने पहिल्यांदा नकार दिला.

माझ्या गळ्यात तपकिरी मफलर आहे. सकाळपासून ती त्याच्याकडे पाहते.

९ जानेवारी

तिने मफलर काढला. मी धरून ठेवला होता. बोटे एकेक करून सोडवली, दुखू न देता. म्हणाली, आज मी फिरून येते. त्यांना तुमचा वास ओळखीचा राहील.

तीन दिवसांपूर्वी ती मोरीवर पाऊल ठेवायला तयार नव्हती. आज तिच्या पायांत चपला आहेत.

मी म्हणालो, दगडापुढे थांब. माझे नाव घे. म्हण, वस्तू जाते, माणूस नव्हे. एवढेच म्हण. हात जोडून म्हणालो.

हो, म्हणाली.

फाटक वाजले.

मीच म्हणतो आहे, इथून, मोठ्याने — वस्तू जाते, माणूस — नेणाऱ्याने म्हणायचे असते. अंथरुणावरच्याचे चालत नाही.

रविवारी तारा येईल. दारात आम्ही दोघेही उभे असू. बरे झालेले. तिला किती आनंद —

झोप येते आहे. वत्सलाला येई तशी. शुद्ध आहे तोवर निष्कर्ष लिहितो.

रुग्ण बरा झाला. प्रतिज्ञा सिद्ध झाली. रुग्ण म्हणजेच वत्सला, हे मात्र मी कोठेही मांडले नाही आणि तपासलेही नाही. वस्तू वेगळी, माणूस वेगळे, हे उघड आहे असे समजून, जिथे ते बोलून दाखवायचे होते तिथे मी गप्प राहिलो. माझी चूक ही एकच. ती मान्य करून खाली सही करतो.

तळहाताला ओले नाक लागले. खोलीत कोणी नाही. ऊन पाठीवर — लाल माती — भट्टीचा वास. डावीकडून कोणी तरी हसते आहे, म्हणते आहे की तुम्ही पुन्हा शेळीचा पासपोर्टचा —

कृष्णनाथ विठ्ठल हर